शाकारलेली होडी, झाकलेली मोटार

कोकणात मे महिना संपत आला की शाकारणी दोन ठिकाणी चालते: घराची आणि होडीची. घर शाकारायचं म्हणजे कौलं चाळायची, फुटकी बदलायची, पडवीला झाप बांधायचे. होडी शाकारायची म्हणजे ती पाण्यातून ओढून वर घ्यायची, आतलं सामान उतरवायचं आणि माडाच्या झापांनी, हल्ली निळ्या-काळ्या प्लास्टिकनं, झाकून टाकायची. एकच क्रियापद दोघांना पुरतं, यात भाषेनं एक हिशेब नेमका टिपून ठेवला आहे. होडीसुद्धा घरासारखीच, काही न करता नुसती असली तरी पैसे मागते. मोटारीला असं क्रियापद मिळालं नाही. ती 'लावतात' नाहीतर 'पार्क करतात', फार तर वर कव्हर घालतात. वाहनांचा इतिहास लिहिताना आपण ती किती धावली, कुठवर गेली हे लिहितो. मालकांची कुरकुर मात्र बहुतेक वेळा वाहन उभं असतानाची असते. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरच्या नौका आणि मुंबईच्या मोटारी यांचा इतिहास त्या उभ्या असतानाच्या काळावरून वाचून पाहावा, असं मला वाटतं. त्या वाचनातून एक गोष्ट ठळक होते. उभं राहण्याची किंमत होडीवाल्या समाजानं निदान उघडपणे मोजली होती. मोटारवाल्यांनी ती शक्य तितकी दुसऱ्याच्या खात्यावर लिहिली.

आधी लाकडाची बाजू पाहू. समुद्रात राहणाऱ्या लाकडी नौकेचा मोठा शत्रू वादळ नव्हे, लाकूड पोखरणारा एक किडा. प्राणिशास्त्राच्या दृष्टीनं तो किडाही नाही. शिंपल्यांच्या गोतातला मृदुकाय प्राणी आहे. अगदी बारीक असताना तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून फळीत शिरतो आणि मग आतल्या आत वाढत, तोंडाशी असलेल्या दोन चिमुकल्या शिंपल्यांनी लाकूड किसत पुढे सरकतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते, हातोडीनं ठोकून पाहिली की पोकळ वाजते. साग त्याला इतर लाकडांपेक्षा कमी दाद देतो इतकंच, पूर्ण अभय सागालाही नाही. या प्राण्याला खारं पाणी लागतं. नौका बरेच दिवस कोरडी ठेवली की तो आतच मरतो. म्हणजे होडी वर काढणं हे केवळ पावसाला घाबरून बसणं नव्हतं, ते तिचं औषध होतं. पण औषधाचीही मात्रा असते. लाकूड उन्हात फार वाळलं तर फळ्या आकसतात, सांधे उघडे पडतात आणि नौका पाण्यात लोटली की पहिले काही दिवस आतलं पाणी उपसण्यातच जातात. म्हणून झाप हवेत. ऊन नको आणि पाऊसही नको, सावली मात्र हवी. मग सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा, तळाला तेलात कालवलेला चुना फासायचा, वरच्या अंगाला मुशीच्या काळजाचं तेल चोळायचं. त्या तेलाचा वास किनाऱ्यावर कितीतरी दिवस हटत नाही. पुढे डांबर आलं, मग तळाला लावायचे विषारी रंग आले. वस्तू बदलल्या, दरवर्षीचं काम तेच राहिलं.

हे झालं एका होडीचं. शेकडो नौका बाळगणाऱ्या मराठी सत्तेलाही हाच प्रश्न पडत होता, आणि तिथे त्याची लेखी नोंद सापडते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेलं आज्ञापत्र लिहिलं गेलं. त्यातलं आरमाराचं प्रकरण लोक उद्धृत करतात ते समुद्रावरच्या सत्तेसाठी, किंवा रयतेची आंब्या-फणसाची झाडं तोडू नका या ताकिदीसाठी. त्याच प्रकरणात पावसाळ्यात आरमाराची छावणी कुठे करावी याचाही विचार आहे, आणि दरवर्षी तीच जागा नको असं बजावलं आहे. कारण साधं होतं. चार महिने बिनकामाचे खलाशी ज्या बंदरात राहतील तिथल्या रयतेला त्यांचा जाच होणार. तो जाच एकाच गावाच्या माथी कायमचा बसू नये. उभ्या ताफ्याचा बोजा आजूबाजूच्या माणसांवर पडतो, तो वाटून द्यावा लागतो, हे राज्यकारभाराच्या ग्रंथात लिहिण्याजोगं वाटलं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. विजयदुर्गाजवळ गिर्ये गावी, वाघोटनच्या खाडीकाठी, मराठी आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांच्या काळातली गोदी आहे: खडक फोडून केलेली, शंभर मीटरहून लांब. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला तळ उघडा पडला की काम करायचं. किल्ल्याचे बुरूज बघायला माणसं येतात; आरमार ज्याच्या जोरावर दरवर्षी पुन्हा पाण्यात उतरत होतं, तो हा खड्डा बघायला फारसं कुणी जात नाही.

ईस्ट इंडिया कंपनीनंही मुंबईत तेच केलं, फक्त दगडाचं आणि दरवाजाचं. सुरतेहून १७३६ मध्ये जहाजं बांधणारे लवजी नसरवानजी वाडिया यांना आणलं, १७५० मध्ये कोरडी गोदी उभी राहिली. आशियातली ती पहिली मानली जाते. याच वाडियांच्या घराण्यानं बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. बांधणीला २३,००० पौंड लागले, इंग्लंडला नेण्याचा खर्च वेगळा. १८१९ मध्ये ती पोर्ट्समथला पोचली, तिथे तिच्यावर आणखी पैसे घातले गेले आणि मग तिला राखीव म्हणून ठेवून दिलं, ते थेट १८४५ पर्यंत. नेपोलियनबरोबरची लढाई संपली होती, नौकेला काम नव्हतं. पंचवीस वर्षांहून जास्त काळ ती उभीच. आज ती इंग्लंडात हार्टलपूलला पाहायला मिळते, अजून पाण्यावर तरंगते. तिच्या दीर्घायुष्याचं श्रेय आपण सागाला आणि वाडियांच्या हाताला देतो, ते योग्यच आहे. पण तिच्या आयुष्याची बेरीज केली तर शीड फुगवून गेलेली वर्षं थोडी निघतात आणि कुणीतरी राखत बसलेली वर्षं फार.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो हलका नाही. किनाऱ्यावरच्या या रीतीला मी उगाच गोंडस करतो आहे, असं कुणी म्हणेल. होडीच्या पावसाळ्यातल्या महिन्यांचा खर्च समाजानं वाटून घेतला की तो गरिबाच्या गळ्यात बांधला? मासेमारीत उत्पन्नाचे वाटे पडतात. खर्च वजा जाता उरलेल्या रकमेत खलाशांचे वाटे, जाळ्यांचा वाटा आणि होडीचा स्वतंत्र वाटा. होडी जणू एक माणूसच, तिलाही तिचा घास हवा. कागदावर ही व्यवस्था सुरेख आहे. होडीचा वाटा म्हणजे तिच्या डागडुजीचा निधी. प्रत्यक्षात होडीचा मालक, नाखवा, तो वाटा घरात घालतो आणि मे महिन्यात सुतार, तेल, दोर, नवं जाळं यांसाठी व्यापाऱ्याकडे हात पसरतो. मग पुढच्या हंगामाची मासळी त्याच व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावानं. खलाशी पावसाळ्यात उचल घेतो आणि उचल फिटेपर्यंत त्याच होडीला बांधलेला राहतो. आक्षेप मला मान्य आहे. पण त्यानं माझं म्हणणं खोटं पडत नाही, उलट धारदार होतं. उभ्या होडीची किंमत कुणाला तरी मोजावी लागते हे इथे सर्वांना ठाऊक होतं. ती कोण मोजतो यावर भांडणं होत, उचलीचे हिशेब गावात तोंडपाठ असत. अन्याय होता, पण तो वहीत लिहिलेला होता. शिवाय काही खर्च खरोखरच वाटला जाई. जड होडी वाळूवर ओढायला एका घरची माणसं पुरत नाहीत. खाली गोल ओंडके सरकवत आज याची, उद्या त्याची असं अख्ख्या कोळीवाड्याला लागावं लागे. आता ते काम ट्रॅक्टर करतो आणि त्याचं भाडं रोख द्यावं लागतं.

दुसरा आक्षेप असा की होडीची विश्रांती सक्तीची होती. शिडाच्या नौकेला पावसाळ्यात जाताच येत नव्हतं, मग त्यात शहाणपण कसलं? याचं उत्तर इंजिनानं दिलं. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत सहकारी संस्थांमार्फत कर्जं मिळाली, नौकांवर डिझेल इंजिनं बसली. बंदरावर आज नौकेची ओळख सिलिंडरवरून सांगतात, दोन सिलिंडर, चार सिलिंडर, सहा सिलिंडर. सहा सिलिंडरच्या नौकेला जुलैच्या समुद्रात जाणं धोक्याचं असलं तरी अशक्य राहिलं नाही. म्हणजे निसर्गाची सक्ती सैल झाली, आणि नेमकं तेव्हाच कायद्याची आली: महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१चा. यांत्रिक नौकांना पावसाळ्यात बंदी, आता १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस. माशांना वीण घालू द्यावी, माणसांचे जीव वाचावेत, ही दोन्ही कारणं खरी. पण पंचांगानं नारळी पौर्णिमेपर्यंत आखलेला काळ दोन महिन्यांवर आला आणि मधल्या काळात कुरकुरीचं स्वरूप पालटलं. पूर्वी नारळी पौर्णिमेला नारळ सोडेपर्यंत सावकारही गप्प बसे, कारण पैसा येणार कुठून हे त्यालाही दिसत असे. बँकेच्या हप्त्याला श्रावण कळत नाही. नौका शाकारलेली आणि व्याज चालू, डिझेलवरच्या कराचा परतावा मंजूर आणि हातात मात्र नाही, खलाशी आता नेपाळहूनही येतात, त्यांना आगाऊ पैसे दिले तरी ऑगस्टमध्ये परततील याची खात्री नाही. नाखवांची ही गाऱ्हाणी आजची आहेत, पण त्यांचा गाभा जुनाच: नौका उभी असतानाचा खर्च.

आता मोटारीकडे येऊ. नौका आणि मोटार यांना जोडणारा माणूस सोलापूरचा आहे, वालचंद हिराचंद. १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी काढून त्यांनी 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला पाठवलं. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. समारंभात सांगत नाहीत ते असं की हे जहाज जुनं होतं, ग्वाल्हेर दरबारानं युद्धकाळात रुग्णांसाठी वापरलेलं. काही वर्षांतच ते मुंबईत बांधून ठेवावं लागलं आणि १९२३ मध्ये भंगारात गेलं. स्वदेशी नौकानयनाचा आरंभ म्हणून 'लॉयल्टी'चं मोल मोठं. मालकीचा धडा म्हणूनही मोठं. पुढे १९४४ मध्ये याच वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कुर्ल्याला कारखाना निघाला. त्याआधी मोटारी जोडण्याचं काम परदेशी कंपन्यांकडे होतं. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८चा. पन्नासच्या दशकात सरकारी धोरणानं त्यांना निरोप मिळाला आणि मुंबईच्या मध्यमवर्गाच्या नशिबी प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट आली. तीच १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली.

या गाडीचं उभं राहणं ती दारात येण्याआधीच सुरू व्हायचं. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट बघायची. त्या काळी 'फियाटचा नंबर लागला' ही पेढे वाटण्याजोगी बातमी होती. नव्या गाडीची किंमत ठरवून दिलेली आणि पुरवठा तुटपुंजा, त्यामुळे थोडी वापरलेली गाडी नवीपेक्षा महाग जाई. अशी वस्तू कुणी रोज पिटाळत नाही, जपतो. आणि जपलेल्या गाडीचे रोग वेगळे असतात. बॅटरी उतरते. पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये बसून चिकट होतं. टायर एकाच जागी दबतात, ब्रेक जाम होतात, उंदीर वायरी कुरतडतात, दाराच्या खालच्या कडेला पावसाचं पाणी साचून पत्रा सडतो. लाकडातल्या किड्यासारखंच हे: वरून रंग चकचकीत, बोटानं दाबलं की पापुद्रा निघतो. मग रविवारी सकाळी चोक ओढून, एक्सिलरेटर पंप करून, नाहीच झाली चालू तर शेजारच्या चार पोरांना हाक मारून धक्का. घाटात रेडिएटर उकळला की बाटलीतलं पाणी. डेंटिंग-पेंटिंगवाला गणपतीनंतर देतो म्हणायचा आणि दिवाळी गाठायचा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना सुटा भाग हुडकणं हा स्वतंत्र उद्योगच होता. या कुरकुरीत एक सूक्ष्म मिरवणंही असायचं, ते मात्र नाखव्याच्या कुरकुरीत कधी नव्हतं. त्याची होडी त्याचं पोट होती.

उभ्या गाडीला कायद्यानं एकदा ओळखलं होतं. मुंबई मोटार वाहन कर अधिनियम १९५८चा. त्यात अशी सोय आहे की गाडी अमुक काळ वापरणार नाही असं आगाऊ कळवलं, तर त्या काळाचा कर द्यावा लागत नाही. हे होडी शाकारण्याचंच कागदी रूप म्हणायला हरकत नाही. पुढे खासगी मोटारींना एकरकमी कर आला आणि साध्या मालकापुरती ही सोय जवळजवळ विस्मरणात गेली. पण गंमत अशी की कर, विमा, पासिंग हे सगळं मोजलं गेलं तरी सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणजे जागा, कुणी मोजलीच नाही. होडी वर घ्यायला किनारा होता, आणि तो सगळ्यांचा असला तरी कुणाची होडी कुठे लागणार हे वाड्याला ठाऊक असे. गिरगाव-दादरच्या चाळी मोटारी येण्याआधीच्या. तिथे गाडी रस्त्यावरच राहणार. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी २००५ मधल्या आपल्या पुस्तकात दाखवलं की सरासरी मोटार आयुष्यातला सुमारे ९५ टक्के वेळ उभी असते, आणि त्या उभं राहण्याचा खर्च गाडी नसलेल्यांसकट सगळे भरतात. आकडा तिथला आहे, पण आपल्या फुटपाथवरून चालून पाहिलं की तो परका वाटत नाही. जपाननं १९६२ मध्येच गाडी घेण्याआधी जागा दाखवा असा कायदा केला. आपल्याकडे जागेचा प्रश्न न्यायालयात पोचला तो वेगळ्याच वाटेनं. ऑगस्ट २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की इमारतीखालची खांबांमधली जागा बिल्डरला सुटी विकता येणार नाही, ती सोसायटीची सामाईक. प्रकरण मुंबईचंच होतं. सामाईक म्हटल्यावर सोसायटीच्या सभांतून स्टिकर, पाळ्या, पाहुण्यांच्या गाड्या यांवरून जी भांडणं पेटली ती अजून विझलेली नाहीत. मला ती शुभ वाटतात. उचलीच्या हिशेबासारखा हा हिशेब निदान वहीवर तरी आला.

कुणी म्हणेल, सगळ्याच मोटारी काही उभ्या नव्हत्या. बरोबर; मुंबईची काळी-पिवळी फियाट याला सणसणीत अपवाद. दिवसाचा एक चालक, रात्रीचा दुसरा, मालकाला ठरलेली रक्कम, गाडीचं इंजिन थंड व्हायला फुरसत नाही. तीच फियाट, तेच कुर्ल्याचे सुटे भाग, पण गाडीचा वाटा, चालकाचा वाटा, दुरुस्ती कुणाची, हे सगळं ठरलेलं, अगदी होडीसारखं. टॅक्सीवाल्यांची कुरकुर परमिटची, मीटरची, गॅसच्या रांगेची असायची. अशा पद्मिनीची शेवटची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावर अधिकृतपणे दिसेनाशी झाली. वर्तमानपत्रांनी हळवे मृत्युलेख लिहिले. कव्हराखाली जपलेल्या खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत आणि त्यांच्या किमती शौकिनांत वाढताहेत.

होडीच्या बाजूलाही जपण्याचा हिशेब बदलला आहे. फायबरच्या नौका आल्या आणि लाकूड पोखरणारा तो शत्रू एका फटक्यात निष्प्रभ झाला. कापूस ठासणं नाही, चुना नाही, फळ्या आकसण्याची भीती नाही. झाप घातले काय, न घातले काय, फारसा फरक पडत नाही. नाखव्यांची ही सुटका खरी आहे आणि तिला नावं ठेवण्याचा अधिकार मुशीच्या तेलाचा वास कधी न घेतलेल्यांना नाही. जुनी लाकडी होडी थकली की तिच्या फळ्या गोठ्याला लागत, उरलेलं चुलीत जाई. मोटार थकली की कुर्ल्यात तिचा पत्रा किलोवर विकला जातो. फायबरच्या नौकेचं इंजिन भंगारवाला उचलतो, पंखा उचलतो, कवचाकडे बघतही नाही. ती कवचं किनाऱ्यावर, जिथे पूर्वी होड्या शाकारत तिथेच, पालथी पडलेली असतात आणि त्यांच्यावर जाळी वाळत घातलेली दिसतात.